हंसाचा हलका दिवस

हलका दिवस म्हणजे काय, हे हंसा तावडेने आपल्या घरात इतक्यांदा समजावून सांगितलं होतं, की शेवटी तिला स्वतःलाच त्याचा वीट आला.

सकाळी चहा गाळता गाळता ती म्हणायची, "आज माझा हलका दिवस आहे हं." आदल्या दिवशी तिने जीव तोडून पळून घेतलेलं असायचं. एक दिवस पायांना ताण द्यायचा, दुसऱ्या दिवशी विसावा, असा पळणाऱ्यांचा नियम. विसावा मिळाला नाही, तर आदल्या दिवशीची मेहनत अंगी लागत नाही. पण घरातल्यांच्या लेखी बाई पळायला गेली नाही, म्हणजे बाई मोकळी.

"बरं झालं," पेपरामागून पंढरीनाथ म्हणायचा, "ऊन मस्त पडलंय. गाद्या गच्चीवर टाकून घे."

"दळण संपत आलंय," सासूबाई देव्हाऱ्यासमोरून सांगायच्या. त्यांचं नाव मनोरमा. वय झालं होतं, पण आवाजाला ते कुणी कळवलं नव्हतं. "येताना ज्वारी पण घेऊन ये. आणि ते पिंप आज घासून घे बाई, तळाला गाळ बसलाय."

"आई, तू केबिन रोडलाच असतेस ना?" तोंडात ब्रश घेऊन रसिका यायची. रसिका म्हणजे मुलगी, कॉलेजात शिकणारी. "माझा ड्रेस टेलरकडून आण ना, प्लीज. तो माणूस मला रोज उद्या-उद्या करतो."

हंसा भाईंदरला केबिन रोडवरच्या एका दातांच्या दवाखान्यात नंबर लावायचं काम करायची. त्यामुळे केबिन रोडवर मिळणारी प्रत्येक वस्तू आपोआप हंसाच्या वाट्याला आली होती. संध्याकाळी ती दोन्ही हातांत पिशव्या घेऊन सिल्व्हर पार्क या आपल्या सोसायटीपाशी रिक्षातून उतरायची, तर लिफ्टवर पाटी: 'लिफ्ट बंद आहे'. मग दळणाचा डबा पायरीगणिक जड होत तिसऱ्या मजल्यापर्यंत चढायचा. चढून आल्यावर पंढरीनाथ विचारायचा, "आज तर पळाली नाहीस, मग धापा कसल्या टाकतेस?"

हंसा गाद्यांच्या खोळी जरा जोरात ओढायची.

पळणं तिने हौसेने सुरू केलं नव्हतं. तिची आई साखरेने गेली. आधी पायाचं बोट काढलं, मग पाऊल, आणि मग आईनेच सगळ्यांतून अंग काढून घेतलं. तीन वर्षांपूर्वी हंसाच्या रक्तात साखर काठावर आहे असं निघालं. डॉक्टर म्हणाले, चालायला जा. ती पहाटे सलवार-कमीज घालून, मुठीत घराची किल्ली धरून चालू लागली. एक दिवस पाणी यायची वेळ होत आली होती, घरी पिंपं रिकामी होती, म्हणून ती चौकापासून बिल्डिंगपर्यंत धावत आली. दारात पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपल्याला दम लागलाय आणि बरंही वाटतंय. चाळिशी ओलांडलेल्या बाईला असं अचानक बरं वाटलं, की ती ते कुणाला सांगत नाही. हंसानेही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पाण्याची घाई नसताना ती तेवढीच धावून आली.

पुढे तिला धर्मेश म्हात्रे भेटला. हा पेणकरपाड्याचा. त्याच्या आजोबांची भातशेती होती, तिथे आता चार-पाच कॉम्प्लेक्स उभे आहेत, आणि धर्मेश त्याच भागात रेती-सिमेंट पुरवतो. कॉलेजात असताना जिल्ह्यातर्फे पळालेला. रोज पहाटे तो दहा-बारा जणांना मोठ्या रस्त्यावर पळवायचा, आणि त्याबद्दल कुणाकडून काही घ्यायचा नाही. शिव्या तेवढ्या मोकळ्या हाताने द्यायचा.

हे सगळे दरवर्षी जानेवारीत 'उत्तन दौड' पळायचे. तिकडच्या एका मंडळाने ती चालू केली होती. भाईंदर पश्चिमेहून निघायचं, मिठागरांच्या कडेने मुर्धा, राई, मोर्वा करत डोंगरीचा चढ चढायचा, उत्तनला समुद्राला तोंड दाखवायचं आणि तसंच परत यायचं.

गेल्या वर्षी हंसा त्या दौडीत उतरली होती. उत्तनपर्यंत गेलीही. परतताना डोंगरीच्या चढावर तिच्या पोटऱ्या अशा वळल्या, की ती रस्त्याच्या कडेला बसलीच. मागून मंडळाचा टेम्पो येत होता, पाण्याचे जार आणि केळ्यांचे घड भरलेला. दोघांनी तिला हाताला धरून वर चढवलं. साऱ्या पळणाऱ्यांना मागे टाकत, केळ्यांच्या घडाला टेकून, हंसा तावडे भाईंदरला परत आली.

घरी आल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "गेलीस पायांनी, आलीस टेम्पोने."

पण ते वर्षभर पुरलं. पाहुणे आले की पंढरीनाथ त्यांना आधी चहा द्यायचा आणि मग टेम्पो. डोंबिवलीची नणंद नीलम फोनवर विचारायची, "काय वहिनी, यंदा टेम्पो बुक केला की नाही?" हंसाही हसायची. हसताना दात दिसतात तेवढेच. आत काय होतं ते दिसत नाही. तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. नंबर नको, मेडल नको, यंदा डोंगरीच्या चढावरून आपल्या पायांनी परत यायचं. बस्स.

आणि डिसेंबर लागतानाच तिची नडगी दुखायला लागली.

आधी पळताना, मग जिना चढताना, मग दवाखान्यात खुर्चीवर बसल्या बसल्या. एका पहाटे धर्मेशने तिला कट्ट्यावर बसवलं, नडगीच्या हाडावर अंगठा फिरवत आणला आणि एका जागी दाबला. हंसाच्या तोंडून "आई गं" निघालं.

"ताई," तो म्हणाला, "हलक्या दिवशी तुम्ही काय करता त्ये सांगा."

"काही नाही. घरीच असते."

"घरी म्हंजे?"

तिने सांगितलं. गाद्या, दळण, पिंपं, जिना, परवा बदललेला सिलिंडर. सांगता सांगता तिला स्वतःलाच ते ऐकवेना. धर्मेशने कपाळाला हात लावला.

"ह्यो हलका दिवस हाय? माज्या लेबरचा भारी दिवस असा असतो!"

"मग काय करू? घर आहे ना?"

"घराचं जाऊ द्या. परवा सकाली तुम्हाला हलूहलू पलायला सांगितलं व्हतं. मंग सलोनीबेनच्या मागं रॉकेटसारखं कोन चाललं व्हतं? मी टपरीवर च्या पीत व्हतो. सगला बघत व्हतो."

ते खरं होतं. सलोनी शाह त्यांच्याच बिल्डिंगमधली, वयाने लहान, नवे कोरे बूट घालून गाणी ऐकत पळणारी. हंसा सावकाश चालली असली आणि सलोनी शेजारून "हाय हंसाबेन!" करून पुढे गेली, की हंसाचे पाय हंसाला विचारायचे नाहीत. घरचे तिला बसू देत नव्हते, हे जितकं खरं, तितकंच तिचं तिलाही बसवत नव्हतं.

"पलायला कुनालापन येतं," धर्मेश म्हणाला. "थांबायला शिका. ह्या हाडाला चीर पडली ना, तर पावसाला लागंपर्यंत पलनं बंद. दर रविवारी आनि गुरवारी काय पलायचं त्ये पला. सोमवारी आनि शुक्रवारी पाय वर करून बसायचं. पलायचं न्हाय, उचलायचं न्हाय, काय पन न्हाय. ह्ये जमत नसंल तर उत्तनला मी तुमचं नावच देनार न्हाय."

हंसाने घरी येऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं. हाडाला चीर पडेल म्हटल्यावर सगळे हळहळले. पंढरीनाथने बाम आणून नडगीला चोळून दिला. रसिका म्हणाली, "आई, तू आता काही करू नकोस." सासूबाई म्हणाल्या, "बस बाई, बस तू."

सोमवारी हंसा बसली. सोफ्यावर पाय पसरून, खाली उशी घेऊन. दहाएक मिनिटं झाली असतील.

"हंसा, बसलीच आहेस तर तेवढे वाल सोलून टाक," सासूबाई म्हणाल्या.

वाल सोलायला पाय लागत नाहीत, म्हणून तिने सोलले.

"बसलीच आहेस तर माझ्या शर्टाचं बटण," पंढरीनाथ म्हणाला.

बटण लावलं. सुईदोरा शिलाई मशिनच्या खणात होता, तो आणायला उठली ती मशिनवरची धूळ पुसून आली. तेवढ्यात नळ वाजला. पाणी आलं की तिच्या अंगात काय संचारायचं देव जाणे. बादल्या, पिंपं, कळशी, मागच्या गॅलरीतला ड्रम. भरून झाल्यावर पाहते तर ओल्या फरशीवर तिचीच पावलं दहा दिशांना गेलेली. नडगी ठसठसत होती.

"तू जरा बसत का नाहीस?" पंढरीनाथ कळकळीने म्हणाला. "डॉक्टरने... आपलं, त्या धर्मेशने सांगितलंय ना?"

हंसाने हातातली कळशी खाली ठेवली. आपटली म्हटलं तरी चालेल. "अहो, मी बसत नाही की तुम्ही बसू देत नाही? एकदा काय ते ठरवा तरी!"

"आता मी काय केलं?" असं म्हणून तो पेपर वाचायला गेला. सासूबाई जपमाळ ओढत म्हणाल्या, "नुसतं बसून कुणाला बरं वाटलंय? हालचाल ठेवावी माणसाने."

शुक्रवारी तीच कथा. फक्त वालांच्या जागी तूर.

मग मार्गशीर्षातला गुरुवार आला. सासूबाईंनी चौरंग मांडला, कलशाला साडी नेसवली, हंसाने पानं-फुलं आणली, रांगोळी घातली. त्या दिवशी घर असं वागलं, की हंसा बघतच राहिली. पंढरीनाथला थंडीत मासे लागतात, पण त्याने बाजाराचं नावही काढलं नाही. रसिकाने गाण्यांचा आवाज आपणहून बारीक केला. नीलमचा फोन आला, मुलांना घेऊन येते म्हणाली, तर सासूबाईंनी एका वाक्यात मिटवलं: "आज गुरुवार. आज नाही." नीलमने का म्हणून विचारलंसुद्धा नाही.

हंसाच्या हाडाला चीर पडायची वेळ आली होती, त्याला या घरात किंमत नव्हती. गुरुवारला होती.

दुसऱ्या दिवशी तिने हे सलोनीला सांगितलं. सलोनी खो-खो हसली. "तो फिर बोल दो ना, हंसाबेन! बोल दो, मन्डे-फ्रायडे मेरा व्रत है. खतम!"

"काहीतरीच काय? देवाचं नाव खोटं घ्यायचं?"

"अरे, भगवान थोडी चेक करने आएगा!"

"भगवान नहीं आएगा, पण मेरे को मालूम है ना?" हंसा म्हणाली. तिची हिंदी रागात अशीच व्हायची.

देवाधर्माचं हंसा कधी बोलून दाखवायची नाही. सकाळी पूजा सासूबाईंची. संध्याकाळी दिवा मात्र तिचा. दिवा लावायचा, हात जोडायचे, आणि काही मागायचं नाही. मागायला सुरुवात केली तर कुठे थांबायचं ते कळणार नाही, असं तिला वाटायचं. अशा दिव्यासमोर उभं राहून थाप मारायची? छे.

पण त्या संध्याकाळी वात पुढे सारताना तिला आई आठवली. आईने सगळे उपास केले. साखर असताना केले, बोट काढल्यावर केले, पायाला फडकं गुंडाळून नैवेद्याचा स्वयंपाक उभ्याने केला. पाय दुखतो असं तिने ना घरच्यांना सांगितलं, ना बहुधा देवाला. हंसाला एकदम आईचाच राग आला. इतकी वर्षं आठवण आली की रडू यायचं, आज राग आला. बाई गं, तुझ्या पायांसाठी एखादा वार का नाही धरलास?

मग तिच्या मनात आलं, थाप कशाला मारायला हवी? खरंच धरावा.

तिने तोंड धुतलं, कुंकू लावलं. ताम्हन घेतलं, उजव्या हातावर पळीभर पाणी घेतलं आणि देवीसमोर मनातल्या मनात म्हणाली: सोमवार आणि शुक्रवार या पायांना विसावा देईन. पळणार नाही, ओझं उचलणार नाही, दळण-पाणी करणार नाही. दुसऱ्याने सांगितलं तरी नाही, मला वाटलं तरी नाही. आणि पाणी सोडलं.

मागे सासूबाई उभ्या होत्या.

"कसला संकल्प सोडलास गं?"

हंसाने सांगितलं. सासूबाई पाटावर बसल्या. प्रकरण बसून ऐकण्याजोगं होतं.

"हे कुठलं व्रत? कुठल्या पोथीत आहे?"

"पोथीत नाही. माझं मी धरलंय."

"असं कुणी आपल्या मनाने धरतं होय? बरं, खायचं काय?"

"सगळं."

"सगळं? मग कसलं डोंबलाचं व्रत! काही सोडायला नको?" सासूबाईंनी डोळे बारीक केले. "हे त्या म्हात्रेच्या पोराने शिकवलंय. काम चुकवायला."

"आई, काम सोडलंय तसं पळणंही सोडलंय त्या दिवशी. सावकाशसुद्धा नाही. सलोनी नाकासमोरून गेली तरी नाही."

सून पहाटे बूट घालताना कशी दिसते, हे सासूबाईंनी तीन वर्षं अंथरुणातून पाहिलं होतं. थंडी म्हणायची नाही, पाऊस म्हणायचा नाही, अंगात कसर असली तरी चुकवायची नाही. आवडीची वस्तू सोडायची म्हणजे काय, हे त्यांना कळत होतं. त्यांनी स्वतः काशीला जाऊन वांगं सोडलं होतं आणि अजून भरल्या वांग्याच्या वासाने त्यांचा जीव कासावीस व्हायचा.

"पळणं सोडलंयस," त्या उठता उठता म्हणाल्या, "म्हणजे खरं आहे मग. पण हंसा, पाणी सोडलंयस. आता मोडायचं नाही."

आणि पुढच्या सोमवारपासून हंसाच्या घरात क्रांती झाली म्हणाल, तर तसं काही नाही. नवीन ताप सुरू झाला.

सोमवारी नळ वाजला. हंसा सवयीने उठली, तर सासूबाई आतून कडाडल्या, "सोमवार!" ती खाली बसली. पंढरीनाथ पिंपं भरायला गेला, त्याने नळी पिंपात घातली आणि पेपर वाचत बसला. पाणी हॉलपर्यंत आलं. हंसा सोफ्यावरून ते पाणी आपल्याकडे येताना बघत होती. ओरडावं तर सासूबाई म्हणायच्या, "व्रताच्या दिवशी चिडचिड करायची नाही." हा नियम संकल्पात नव्हता. तो सासूबाईंनी नंतर घातला. असे त्यांनी बरेच घातले. पायात मोजे घालायचे. दवाखान्यात जायचं ते पोटापाण्याचं काम म्हणून चालेल, पण रिक्षाने दारापर्यंत. जिना उतरताना सावकाश, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय. जिन्यात कुणी विचारलंच, तर सासूबाई दारातून सांगायच्या, "तिचं व्रत आहे." सिल्व्हर पार्कमधल्या बायका आदराने बाजूला व्हायच्या.

दळण रसिकाने आणलं. ज्वारीऐवजी बाजरी आणली आणि गिरणीत एक पिशवी विसरून आली. शुक्रवारची आमटी पंढरीनाथने केली. ती कशी झाली हे लिहिण्यात अर्थ नाही. हंसा पाय उशीवर ठेवून हे सारं बघायची आणि तिला वाटायचं, यापेक्षा गाद्या उचललेल्या परवडल्या. विसावा घेणं इतकं दमवणारं असतं, हे धर्मेशने सांगितलं नव्हतं.

पण नडगी गप्प होत चालली होती. गुरुवारी ती मोकळ्या अंगाने पळायची, शुक्रवारी जळत बसायची, आणि रविवारी लांबचं अंतर तिला आधीपेक्षा जवळ वाटायला लागलं होतं.

दौडीच्या जरा आधीची गोष्ट. गुरुवारी पहाटे सगळ्यांनी डोंगरीच्या चढावर सरावाला जायचं ठरलं होतं. हंसा त्या दिवसाची वाट बघत होती. गेल्या वर्षी जिथे बसली, ती जागा तिला एकदा पायांखाली घालायची होती. बुधवारी संध्याकाळी धर्मेशचा फोन आला. सगळ्यांना न्यायच्या त्याच्या टेम्पोचा काहीतरी घोळ झाला होता. गुरुवारच्या ऐवजी शुक्रवारी जाऊ.

"शुक्रवारी?" हंसा म्हणाली.

"एकाच दिवसाचा तर फरक हाय, ताई. गुरवारी बसा, शुक्रवारी पला. पायांना काय वार कलतो?"

बरोबर होतं त्याचं. पायांना वार कळत नाही. शुक्रवारी पहाटे हंसा नेहमीसारखी जागी झाली. खालून सलोनीची हाक आली, "हंसाबेन, चलो! सब आ गए!" हंसाने कपाटाखालून बूट काढले. हातात धरून उभी राहिली. दिवसाची अदलाबदल केली तर काय बिघडणार होतं? हाड बरं होतं. देवीही समजून घेईल, ती काय वार मोजत बसलीय?

देवी समजून घेईल हे तिला पटत होतं. पण आज आपण वार बदलला, तर सोमवारी पंढरीनाथ तो बदलेल, पुढच्या शुक्रवारी दळणासाठी बदलेल, आणि मग गाद्या आहेतच. शिवाय 'मला वाटलं तरी नाही' असं स्वतःच म्हणून पाणी सोडलं होतं. हे शब्द घालायची कुणी सक्ती केली होती का? नाही. आपणच शहाणपणा केला. हंसाला स्वतःचा असा संताप आला, की डोळ्यांत पाणी आलं.

सासूबाई अंथरुणात उठून बसल्या होत्या. अंधारात बूट हातात घेतलेली सून त्यांना दिसत होती. यावेळी मात्र त्या काही बोलल्या नाहीत.

हंसा गॅलरीत गेली. "सलोनी, तू जा. मेरा शुक्रवार है."

"अरे यार, आज तो छोडो! भगवान को बाद में सॉरी बोल देना!"

"तू जा म्हटलं ना!"

टेम्पो गेला. हंसा बूट कपाटाखाली ढकलून सोफ्यावर येऊन बसली, पाय वर घेतले आणि समोरच्या भिंतीकडे रागाने बघत राहिली. थोड्या वेळाने सासूबाईंनी चहा आणून दिला. त्यात साखर नव्हती, आलं भरपूर होतं. लग्नानंतर त्यांनी तिला चहा करून दिल्याचं हंसाला आठवत नव्हतं. तरीसुद्धा तिचा राग दुपारपर्यंत टिकला.

जानेवारीतला शेवटचा रविवार. मिठागरांवर धुकं होतं आणि मिठाचे ढीग त्यात नुसते पांढरे डाग दिसत होते. सलोनी सुरुवातीलाच "बाय!" करून पुढे गेली. हंसाचे पाय ओढ घ्यायला लागले. तिने त्यांना घेऊ दिली नाही. थांबायचा सराव तिने बराच केला होता. मुर्धा गेलं, राई गेली, उत्तनला वाळत घातलेल्या बोंबलांचा वास नाकात घेऊन ती परत फिरली.

डोंगरीचा चढ आला तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. अर्ध्यावर तिचा वेग चालण्याइतका झाला. मागून हॉर्न वाजला. टेम्पो शेजारी आला, जार खळखळत होते. ड्रायव्हर तोच, गेल्या वर्षीचा. त्याने मान बाहेर काढली.

"ताई, तुमीच ना त्या? बसताव का?"

"न्हाय," हंसा म्हणाली.

"म्होरं लय चढ हाय अजून."

"माहीत आहे मला. तुमचा टेम्पो घ्या पुढे, धूर नाकात जातोय."

तो हसला, पण पुढे गेला नाही. बराच वेळ मागून हळूहळू येत राहिला, आणि त्या खळखळाटाचा हंसाला इतका वैताग आला, की तिने पाय उचलले ते चढ संपेपर्यंत खाली ठेवल्यासारखे वाटले नाहीत. नडगी एकदाही बोलली नाही. वरून भाईंदरची खाडी दिसली. पुढे उतार होता.

भाईंदरला पंढरीनाथ रसिकाला घेऊन उभा होता. हंसा आली तेव्हा मांडव अर्धा उतरवून झाला होता. तो रस्त्यावर दूरवर टेम्पो शोधत होता. ती समोरून आली, तर त्याला आधी ओळखूच आली नाही.

"पायांनी आलीस?" तो म्हणाला.

"मग काय डोक्याने येऊ?"

घरी सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, गूळ-पाणी दिलं. हंसा भिंतीला टेकून खाली बसली, पाय लांब केले. आता काही नको होतं. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "देवीने पार पाडलं गं बाई. आता उद्यापन करून टाकू. उद्याच."

हंसाने डोळे उघडले.

"अकरा सवाष्णी घालू. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी. हळदीकुंकवाचेही दिवस आहेत, दोन्ही होऊन जाईल. नीलमला सांगून ठेवलंय, ती सकाळीच येते. डाळ मी भिजत घालते आत्ता, तू पहाटे पुरण शिजवायला घे. आणि त्या गाद्या—"

"आई," हंसा म्हणाली, "उद्या सोमवार."

सासूबाईंनी हातातली गुळाची वाटी खाली ठेवली.

"हो, पण व्रताचं उद्यापन म्हटल्यावर..."

"उद्यापन व्रत संपल्यावर करतात ना?"

"मग? दौड झाली की तुझी."

"मी दौडीपुरतं पाणी सोडलं नव्हतं. तुम्हाला तेव्हाच जसंच्या तसं सांगितलं होतं." हंसा सावकाश बोलत होती, भांडायलाही अंगात त्राण नव्हतं. "नुसतं सोमवार आणि शुक्रवार म्हटलं होतं. कधीपर्यंत ते म्हटलंच नव्हतं."

"म्हणजे? हे चालूच राहायचं?"

"पाय आहेत तोवर."

पंढरीनाथ रसिकाकडे बघायला लागला. रसिका पंख्याकडे. सासूबाई कमरेवर हात ठेवून बराच वेळ सुनेच्या पायांकडे बघत राहिल्या. मोजे काढले होते, टाचांना मिठागरांची धूळ होती, एका अंगठ्याचं नख काळं पडलं होतं.

"उद्यापन नसलेलं व्रत मी जन्मात पाहिलं नाही," त्या म्हणाल्या, आणि फोनकडे गेल्या. "नीलम? अगं, उद्याचं राहू दे. नाही, नाही, आली ती. पायांनीच आली. अगं पण उद्या तिचा सोमवार आहे. तुला यायचंच असेल तर ये, पण येताना डबा घेऊन ये. आमच्या सगळ्यांचा."

सोमवारी पहाटे नळ वाजला. हंसा गाढ झोपेत होती, तरी तिचा उजवा पाय चादरीतून बाहेर आला आणि जमीन शोधायला लागला.

"हंसा!" अंधारातून आवाज आला.

पाय आत गेला. बाहेर बादलीला अडखळून पंढरीनाथ काहीतरी पुटपुटला, पिंपात पाणी पडू लागलं, आणि हंसा ते ऐकत पडून राहिली. नळी पुन्हा घसरणार होती, हे तिला त्या आवाजावरूनच कळत होतं.